दवाखान्यापुरती बहीण

लिव्हर कोणी द्यायचं, यावर माहेरच्या घरात फार बोलणं झालंच नाही. विनोदची आई रंगूबाई पासष्टीच्या पुढची, वरून साखरेची. बायको सरिताचा रक्तगट जुळेना. पोरं शाळेतली. मग कोणीतरी म्हणालं, "अंजना हायेच ना." त्या 'हायेच'वर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि चहा ठेवला गेला.

अंजना ही विनोदची थोरली बहीण. बावीस वर्षांपूर्वी मंगरूळपीर तालुक्यातल्या आसेगावला दिलेली. माहेर रिसोडच्या बाजूला. तिला ही गोष्ट कळली ती नवऱ्याच्या फोनवर. सरितानं आधी प्रल्हादला विचारलं, प्रल्हाद बरं म्हणाला, आणि मग फोन अंजनाच्या हातात आला. नागपूरच्या दवाखान्यानंही आधी नवऱ्याचीच सही मागितली. पोट अंजनाचं, पण तिच्यापर्यंत गोष्ट यायला तीन माणसं ओलांडावी लागली.

विनोदच्या पोटात पाणी झालं होतं. पाय सुजलेले, डोळे पिवळे, हात काडीसारखे. त्यानं उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. 'ब' नावाची कावीळ रक्तात बसून राहिली होती आणि कोणाला पत्ता नव्हता. पण लिव्हर गेलं म्हणजे दारूच, असं गावानं ठरवून टाकलं. त्या लाजेनं तो सहा महिने घरात दडून राहिला, काविळीच्या मुळ्यांची माळ गळ्यात घालून. अकोल्याला नेला तेव्हा उशीर झाला होता. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, दीड-दोन महिन्यांत लिव्हर बदला, नाहीतर घरी न्या.

अंजनाच्या तपासण्या झाल्या. लिव्हर चांगलं होतं, पण वर थोडी चरबी होती. डॉक्टर म्हणाला, "पाच किलो वजन कमी करा. तेल बंद. रोज पाच किलोमीटर चाला."

आसेगावात तेव्हा सोयाबीन सोंगणीचे, म्हणजे कापणीचे दिवस. अंजना उजाडल्यापासून दुसऱ्याच्या वावरात वाकलेली. शेजारच्या ओळीत, पातीला लागलेल्या बायांना तिनं डॉक्टरचं सांगणं सांगितलं तर बाया विळे टाकून हसल्या.

"त्या डाक्टरले म्हनाव, एक दिवस सोंगून पाह्य," एकजण म्हणाली. "मंग चालतो म्हना पाच किलोमीटर."

हसणं झालं, पण अंजना सांजेला घरी येऊन, हातपाय धुऊन, डांबरी सडकेनं चालायला जायची. रात्री अर्धी भाकर आणि बिनतेलाची मुगाची भाजी. दुपारच्या उन्हात डोळ्यांपुढं अंधारी यायची. शेंगांच्या टोकांनी बोटं सोललेली. पोटात भूक असली की विळा जड होतो, हे तिला चाळिशीनंतर पहिल्यांदा कळलं. रोज आठ वाजता सरिताचा फोन यायचा.

"ताई, वजन किती झालं?"

कशी आहेस, हे नाही. जेवलीस का, हेही नाही. अंजनाची पोरगी नीलिमा बारावी होऊन घरी होती, नर्सिंगच्या प्रवेशाची वाट पाहत. ती एकदा फोन हिसकून म्हणाली, "मामी, बकरी हाये काय आई? वजन इचारता रोज!"

अंजनानं पोरीला दटावलं. भाऊ मरायला टेकला असताना असल्या गोष्टी मनावर घ्यायच्या नसतात, असं तिला तेव्हा वाटत होतं. महिनाभरात तिनं चार किलो उतरवले. डॉक्टर म्हणाला, एवढं पुरे.

मग कमिटीची तारीख आली. जिवंत माणसाचा अवयव काढायचा तर नातं खरं आहे की विकतचं, हे कमिटी पाहते. दवाखान्यानं कागदांची यादी दिली होती. आधार, शाळेची टीसी, राशनकार्ड, फोटो, आणि त्यात एक 'वंशावळ'. कागद जमवायचं काम सरिताकडे होतं. वंशावळ म्हटल्यावर तिला आठवलं, ती तर घरात तयार आहे. तलाठ्याच्या शिक्क्याची. तिनं ती पेटीतून काढली, खराब होऊ नये म्हणून रिसोडला जाऊन लॅमिनेशन केलं आणि फायलीत लावली. आत काय लिहिलंय ते तिनं वाचलं नाही. किंवा वाचलं असेल, पण दवाखान्यात कोण वाचतो, असं तिला वाटलं असेल.

कमिटीच्या बाईंनी अंजनाला एकटीला आत बोलावलं. पुढं कॅमेरा लावलेला होता. बाई पन्नाशीच्या, चष्म्याच्या.

"तुमच्यावर कोणी जबरदस्ती केली का?" त्यांनी विचारलं.

अंजनाला गलबलून आलं. दीड महिन्यात हे विचारणारं हे पहिलंच माणूस होतं, आणि तेही परकं. ती म्हणाली, "नाई बाई. भाऊ हाये माहा."

"किती पैसे ठरलेत?"

"कायचे पैसे?"

"खरं सांगा. घाबरू नका. तुम्हाला कोणी आणलं?"

"मी सख्खी बहीन हाये त्याची!" अंजनाचा आवाज चढला. "टीसी हाये न त्याच्यात. अंजना देवमन लिवलं हाये."

बाईंनी फाईल तिच्यापुढं फिरवली. लॅमिनेशनवर ट्यूबलाईट चमकत होती. बाईंनीच वाचून दाखवलं. "मयत देवमन यांना पत्नी रंगूबाई व एक मुलगा विनोद असे वारस असून, याव्यतिरिक्त त्यांना अन्य कोणीही वारस नाही. हे आम्ही शपथेवर लिहून देतो." खाली विनोदची सही, रंगूबाईचा अंगठा, दोन साक्षीदार, तलाठ्याचा शिक्का.

"तुमचा भाऊच म्हणतो आहे की त्याला बहीण नाही," बाई म्हणाल्या. "आता मी कोणावर विश्वास ठेवू?"

अंजनानं फाईल जवळ ओढली. तारीख सात वर्षांपूर्वीची होती. बाप गेला त्याच्या दोन महिन्यांनंतरची. बापाच्या आजारात तीन आठवडे त्याची घाण काढणारी, पुण्यानुमोदनाच्या दिवशी दोनशे माणसांचा स्वयंपाक रांधणारी अंजना दोन महिन्यांत जन्मलीच नव्हती अशी झाली होती. ज्या साक्षीदारांनी सह्या ठोकल्या ते तिच्या लग्नात पंगतीला बसलेले.

बाहेर येऊन तिनं विनोदला विचारलं. तो बाकड्यावर पोट धरून बसला होता.

"विनोद, मी कोन हाये तुही?"

सरिता मधेच म्हणाली, "तो जुना कागद हाये ताई, तवाच्या साहेबानं घाईघाईत लिवला. आता कायले धरता?"

"सही घाईघाईत झाली काय?" सोबत आलेली नीलिमा म्हणाली. "चाल आई घरी. याले बहीनच नाई तर लिव्हर कोनाचं घेते हा?"

दवाखान्याच्या माणसानं समजावून सांगितलं. डीएनएची तपासणी करू. पण शपथेवरचा कागद फायलीत आला आहे, तो खोटा की बाई खोटी, हे महसूल खात्याकडून लिहून आणा. नवी वंशावळ आणा. डॉक्टर म्हणाला, जे काय करायचं ते तीन आठवड्यांत करा.

अंजना आसेगावला गेली नाही. सरळ माहेरी गेली. रंगूबाई अंगणात मुगाच्या शेंगा सोलत बसली होती. अंजनानं पिशवी खाली ठेवली नाही.

"माय, त्या कागदावर तुहा आंगठा हाये?"

"असंन." रंगूबाईनं वर पाहिलं नाही.

"देतानी तुले मी दिसलो नाई?"

"तुले कायले वावर वं? आसेगावले दोन एकर हायेत न तुमाले. पोरीचं नाव लावलं का उद्या जवई वाटा मांगायले उभा राह्यते. तुह्या बापाचंबी तेच मत होतं."

"हे बाप मेल्यावर लिवलं. त्याचं मत इचारायले कुठं गेल्ती?"

रंगूबाई डोळ्याला पदर लावून म्हणाली, "माहं एकुलतं पोरगं मरून राह्यलं, अन तुले कागद सुचून राह्यले. रक्ताचं नातं कागदावर असते काय?"

"वावर कागदावर असते न? मंग नातं काहून नसते?"

एकुलतं पोरगं. आईच्या तोंडातून तो शब्द किती सहज निघाला! अंगठा देताना तिला कोणी फसवलं असतं तर अंजनानं तिथंच माफ केलं असतं. पण तिला कोणी फसवलं नव्हतं. तिला सगळं माहीत होतं आणि त्यात तिला काही वावगं वाटलं नव्हतं, आजही वाटत नव्हतं. अंजना त्या रात्री माहेरी जेवली नाही. शेवटच्या जीपनं रिसोड, आणि तिथून मिळेल त्या गाडीनं आसेगाव.

प्रल्हादनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "मी बरं म्हनलं होतं, तो शबद मी परत घेतो. आता तुह्या मनाचं पाह्य. नाई म्हनशीन तं कोनी तुले हात लावनार नाई."

"मरू देऊ त्याले?"

"मी तसं नाई म्हनलं."

"मी देतो," अंजना म्हणाली. "पन बहीन म्हून देतो. रस्त्यावरची बाई म्हून नाई."

माहेरच्या गावातलं तलाठी रतनसिंगचं ऑफिस म्हणजे एक भाड्याची खोली. खुर्च्या दोन, म्हणून बाकीचे उभे. विनोदला जीपमधून उतरवून पायरीवर बसवलं होतं. त्याला बसवतही नव्हतं आणि उभंही राहवत नव्हतं. सरितानं अर्ज लिहून आणला होता. वंशावळीत बहिणीचं नाव घालून दाखला मिळावा, एवढाच.

रतनसिंगनं जुनी फाईल काढली. तो कागद त्याच्या आधीच्या तलाठ्याच्या काळचा. त्यानं वाचला, चष्मा काढला.

"वहिनी, वंशावळ म्हंजे चिवडा नाई, पायजे तो दाना उचलून घ्यायले. वंशावळीत बहीन घालाची तं वारसात घाला लागते. वारसात आली का सात-बाऱ्यावर आली."

"आमाले फक्त दवाखान्यापुरती पायजे," सरिता म्हणाली.

"काय पायजे?"

"बहीन. म्हंजे, दाखला."

खोलीत कोणी हसलं नाही. सरिता अंजनाकडे वळली. "ताई, तुमीच सांगा साहेबाले. तुमी दवाखान्यात बहीन व्हा न. वावरात कायले?"

अंजनानं दीड महिना उपाशी पोटानं सोंगणी केली, पैशाला विकली गेलेली बाई म्हणून कॅमेऱ्यापुढं बसली, आणि आता ही भावजय तिला सांगत होती की तू इतकी बहीण हो, त्यापुढं होऊ नको.

"साहेब, दोन्ही अर्ज घ्या," ती म्हणाली. "वंशावळीचा अन वारसाचा. एकाच दिवशी. एक नाई तं दुसराबी नाई."

"माह्या नवऱ्याचा जीव टांगून सौदा करता काय?" सरिता किंचाळली. दारात चारपाच माणसं जमली. "सख्खी बहीन अशी असते?"

"आता सख्खी झालो काय? सकाळपर्यंत तं नव्हतो."

सांजेपर्यंत गावभर झालं की अंजनानं लिव्हरच्या बदल्यात वावर मागितलं. सात वर्षं ज्या गावात त्या खोट्या शपथेवर एक चकार शब्द निघाला नव्हता, त्या गावाला एका दिवसात नीती आठवली. साक्षीदार म्हणून सही केलेल्या दोघांतला एक तर पारावर बसून सांगत होता, काय दिवस आले, बहीणसुद्धा भाव करते. त्याच्या तोंडावर कोणी थुंकलं नाही, याचंच नवल.

पण ते नंतर. त्या खोलीत तेवढ्यात पायरीवरून विनोदचा आवाज आला. इतका बारीक की रतनसिंगला पुन्हा विचारावं लागलं.

"लिव्हा साहेब. बहीन हाये. दोन्हीकडं लिव्हा."

"आधीचं शपथपत्र खोटं होतं, असं लिहून द्या लागंन."

"देतो."

ती शरमेची सही होती की मरणाच्या भीतीची, हे अंजनाला तेव्हाही कळलं नाही आणि पुढंही कधी कळलं नाही. सही करताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. चुकलो, असा एक शब्द तिला हवा होता, तो काही आला नाही.

वंशावळ दोन दिवसांत मिळाली. वारसाच्या फेरफाराची पंधरा दिवसांची नोटीस लागली. गावात इतकं बोलणारे लोक, पण हरकत एकाचीही आली नाही, कारण हरकतीवर सही करावी लागते. डीएनए जुळला. पुन्हा कमिटी. यावेळी दोघं शेजारी बसलेले, पुढं त्याच चष्म्याच्या बाई.

"आधी बहिणीचं नाव का घातलं नव्हतं?" त्यांनी विनोदला विचारलं.

कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलेला. विनोद म्हणाला, "वाटा द्या लागला असता म्हून."

"आणि तरी तुम्ही देताय?" बाईंनी अंजनाला विचारलं.

"भाऊ वाईट हाये म्हून तो भाऊ नाई, असं थोडंच हाये," अंजना म्हणाली. "तसं त्यायनं केलं. मी नाई करत."

फेरफार मंजूर झाला त्या दिवशी अंजना नागपूरच्या दवाखान्यात भरती होती. प्रल्हादनं फोनवर फोटो पाठवला. नीलिमानं दोन बोटांनी तो मोठा करून दाखवला. विनोद देवमन. रंगूबाई भ्र. देवमन, म्हणजे देवमनची बायको. त्याखाली अंजना भ्र. प्रल्हाद. तिनं ती ओळ दोनदा वाचली आणि फोन पोरीला दिला.

ऑपरेशनच्या पहाटे तिला औषधी साबणानं आंघोळ घातली. काळी पोत, जोडवी काढून नीलिमाच्या रुमालात बांधली. काचेच्या बांगड्या निघेनात. नर्सनं हाताला साबण लावून ओढल्या, दोन फुटल्या, मनगटावर रक्ताची बारीक रेघ आली. पोटावरचे केस काढले, पेनानं खुणा केल्या. वावरात काम करणाऱ्या बाईला आपल्या पोटाकडे इतके लोक वाकून पाहतात याचीच लाज जास्त वाटली. आतल्या खोलीत थंडी अशी की दात वाजायला लागले. कोणीतरी तिचं नाव विचारलं. तिनं सांगितलं. कोणाला देताय? भावाले. तोंडावर नळी आली. छताचे दिवे दोनाचे चार झाले.

जागी झाली तेव्हा गळ्यात नळी, नाकात नळी, बगलेखालून नळी. छातीच्या खालून उजव्या कुशीपर्यंत पोट कापून टाके घातलेले. घसा वाळलेला, आणि पाणी म्हणून ओठांना ओला कापूस. खोकला आला की पोट दोन जागी होतंय असं वाटे. नर्सनं तीन रंगीत गोळ्यांचं एक प्लास्टिकचं खेळणं दिलं. नळीनं श्वास ओढून गोळ्या वर न्यायच्या. पहिल्या दिवशी एकही हलली नाही. दुसऱ्या दिवशी एक हलली आणि अंजनाच्या डोळ्यातून पाणी आलं. दुखण्याचं होतं की रागाचं, तिलाही सांगता आलं नसतं.

विनोद पलीकडच्या काचेच्या खोलीत होता. नवं लिव्हर चाललं. तिसऱ्या दिवशी लघवीचा रंग उतरला, पाचव्या दिवशी डोळे पांढरे व्हायला लागले. सगळं माहेर त्या काचेपाशी गोळा झालं. सरिता, रंगूबाई, चुलते, मावशा. पाचही दिवस कोणी ना कोणी काचेला नाक लावून उभं. अंजनाच्या पलंगाशी नीलिमा एकटी, वहीत औषधांच्या वेळा लिहीत. रंगूबाई एकदा आली, पायाशी उभी राहिली, म्हणाली, "माह्या लेकराले जीवदान देल्लं वं तू." आणि गेली. आपणही तिचंच लेकरू, हे अंजनाला बोलायचं होतं, पण टाक्यांमुळं मोठ्यानं बोलता येत नव्हतं.

नवव्या दिवशी विनोदला चाकाच्या खुर्चीवर बसवून, तोंडाला मास्क लावून, पाच मिनिटांसाठी बहिणीकडे आणलं. मोठा डॉक्टर तेव्हाच फेरीला आलेला. त्यानं अंजनाचे टाके पाहिले, रिपोर्ट पाहिले, हसून म्हणाला, "ताई, काळजी करू नका. आपण साठ टक्के काढलं, पण लिव्हर परत वाढतं. तीन महिन्यांत जवळजवळ पहिल्याएवढं होईल."

डॉक्टर गेला. सरितानं पर्समधून पाकीट काढलं, त्यातून स्टँपपेपर. तो पलंगावर, अंजनाच्या हाताशी ठेवला. वर ठळक अक्षरात 'हक्कसोडपत्र'.

"ताई, नावाचं काम व्हतं तेवढं झालं," ती गोड आवाजात म्हणाली. "सुट्टी झाली का रजिस्टर करून घेऊ. आता फक्त सही करून ठेवा. यायच्या जिवाले मंग घोर राह्यनार नाई."

नीलिमा उठून उभी राहिली. अंजनानं तिला हातानंच बसवलं. तिनं भावाकडे पाहिलं. मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते, आता पांढरे झालेले.

"विनोद, तू सांगतलं हे?"

तो खुर्चीच्या चाकाकडे पाहत राहिला. "माय म्हनत होती," तो म्हणाला.

"तुमचं काय जाते ताई?" सरिता म्हणाली. "डाक्टरच बोलला न आता. लिव्हर तं वाढून येते. वावर काय वाढून येते?"

अंजनानं उशी टाक्यांवर घट्ट धरली. बोलायला श्वास पुरावा म्हणून थोडी थांबली. मग तिनं तो स्टँपपेपर उचलून सरिताच्या हातात परत दिला.

"नाई येत," ती म्हणाली. "म्हूनच सांगतो. जे वाढून येते ते देल्लं मी तुमाले. जे वाढत नाई, ते माहं माह्याजवळ राहू द्या."